श्रमदान कोणाचे आणि पाणी कोणाचे?

उन्हाळा तोंडावर आला की महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत श्रमदानाचे वारे वाहू लागतात. गावाने राबून चर खणावेत, बांध घालावेत. आणि शासनाने, एखाद्या कंपनीने अथवा धर्मादाय संस्थेने यंत्राच्या डिझेलपुरते, सिमेंटपुरते लहानसे अनुदान द्यावे, असा हा व्यवहार असतो. त्याला 'लोकसहभाग' हे गोंडस नाव मिळाले आहे. परंतु या व्यवहारात देणारा कोण आणि घेणारा कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

पाणलोटाचे काम आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. माथ्यावर समतल चर, मध्ये बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यात बंधारा, असा क्रम पाळला तर माती थांबते, पाणी मुरते व विहिरींना आधार मिळतो. स्वयंस्फूर्त श्रमालाही विरोध असण्याचे कारण नाही. समाजवादी चळवळीने श्रमदानाचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या जोपासला आहे. आक्षेप आहे तो श्रमाच्या विषम विभागणीला व त्याच्या फळाच्या खाजगी मालकीला.

मुरलेल्या पाण्याचे काय होते? 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून भूजल हे जमिनीच्या मालकीला जखडलेले आहे. ज्याची जमीन त्याची विहीर, आणि ज्याची विहीर त्याचे पाणी! टेकडीवर चर खणणारी भूमिहीन मजूर स्त्री दिवसाच्या रोजावर पाणी सोडते. त्या चरातून झिरपलेले पाणी पायथ्याच्या बागायतदाराच्या विहिरीत उतरते. त्यावर तिचा कायदेशीर हक्क घागरभरही नाही. उलट 1992 पासूनच्या आदर्श गाव योजनेच्या सूत्रांत श्रमदानाच्या जोडीला चराईबंदीही आहे. म्हणजे जिच्या संसाराला दोन शेळ्यांचा आधार, तिने श्रम द्यायचे आणि चराऊ रानही सोडायचे. गरिबाने दान करावे आणि श्रीमंताने ते घ्यावे, अशा या दानधर्माला सहभाग म्हणणे ही शब्दांची विटंबना आहे.

याच महाराष्ट्रात याहून न्याय्य व्यवस्था होती, याचे विस्मरण घडवले जात आहे. 1972-73 च्या दुष्काळात सुमारे 50 लाख माणसे सरकारी कामांवर होती. त्या अनुभवातून आणि चळवळींच्या रेट्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, नालाबांध हीच कामे तेथे होती. फरक इतकाच की काम हा हक्क होता आणि श्रमाला मजुरी होती. 2005 मध्ये हेच तत्त्व देशाने कायद्यात स्वीकारले. मग जे काम मजुरी देऊन करणे हे राज्याचे कर्तव्य मानले गेले, तेच काम आता फुकट करणे हे गावकऱ्यांचे पुण्यकर्म कसे ठरते?

2013 च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले. कराच्या रूपाने आलेल्या पैशाचा हिशेब विधिमंडळात मागता येतो. देणगीच्या रूपाने आलेल्या पैशाबद्दल केवळ आभार मानावे लागतात. 2016 मध्ये तीन तालुक्यांत सुरू होऊन 2019 पर्यंत 76 तालुक्यांत पोहोचलेल्या पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत हजारो माणसे रणरणत्या उन्हात राबली. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु पाण्याचा हक्क ही बक्षिसाची बाब होऊ शकत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: विहिरींना पाणी आले की शेती वाढते, शेती वाढली की मजुरी वाढते, मग भूमिहीनांचाही लाभच नव्हे काय? काही अंशी ते खरे आहे. मात्र हा लाभ दुसऱ्याच्या मर्जीवर आणि पिकावर अवलंबून राहतो. वाढलेले पाणी उसाला आणि खोल कूपनलिकांना गेले, तर चैत्रात पुन्हा टँकरच्या रांगेत घागरी घेऊन तीच स्त्री उभी असते. जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे 9,600 कोटी रुपये खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असा निष्कर्ष 2020 मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात आहे. पाणी अडवण्याची योजना आखायची आणि उपशावर बंधन घालायचे नाही, तर दुसरे काय होणार?

पर्याय कल्पनेतला नाही. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे 1974 पासून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर दिले. भूमिहीनांचा वाटा मानला. उसाला मनाई केली. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही, असे ठरवले. हरियाणातील सुखोमाजरीत भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला बंधाऱ्याच्या पाण्यात समान वाटा मिळाला, म्हणूनच गावाने डोंगरावरील चराई आपखुशीने थांबवली. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बळवडी व तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने बळीराजा स्मृती धरण उभारले. नदीतील वाळू विकण्याचा हक्क त्यांनी शासनाशी झगडून मिळवला, त्या पैशाला श्रमाची जोड दिली आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा देण्याचे तत्त्व स्वीकारले. तेथेही लोक राबले. पण वाटपाचा करार आधी झाला होता.

म्हणून लहान अनुदाने नाकारणे हा मार्ग नव्हे. ती बिनशर्त स्वीकारणे मात्र थांबले पाहिजे. अनुदानाचा पहिला रुपया गावात येण्यापूर्वी ग्रामसभेत ठराव व्हावा: भूमिहीनांच्या प्रत्येक दिवसाच्या कामाला पूर्ण मजुरी मिळेल, श्रमदान जमीनधारकांनी आपल्या लाभाच्या प्रमाणात करावे, वाढलेल्या पाण्यात प्रत्येक कुटुंबाचा वाटा राहील आणि पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम असेल, नव्या कूपनलिका व उसाच्या क्षेत्रावर मर्यादा येईल, चराईबंदी होणार असेल तर चाऱ्याची सोय आधी होईल. बांधांच्या दुरुस्तीची तरतूदही त्याच ठरावात हवी, कारण गाळाने भरलेला चर फोटोत दिसत नाही.

असा ठराव मांडताच गावातील बड्यांचा उत्साह ओसरेल. कार्यकर्त्यांनी त्याने खचून जाऊ नये. खरा लढा तेथूनच सुरू होतो. कुदळ जरूर हाती घ्यावी, परंतु पाणीवाटपाच्या ठरावावर सह्या झाल्यानंतर.