रान कशाला म्हणावे?

हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीच्या चारशे एकरांवर 2025 च्या मार्चअखेरीस यंत्रे चालली; 3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली. सरकारचे म्हणणे असे की, ही जमीन दप्तरात वन म्हणून नोंदलेलीच नाही. नसेल! परंतु गोदावर्मन खटल्यात 12 डिसेंबर 1996 रोजी याच न्यायालयाने सांगून ठेविले आहे की, शब्दकोशातील अर्थाने जे वन तेही वनच. मालक कोणीही असो.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही. कोशातले वन म्हणजे दाट झाडी. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टर जागेवर दहा टक्के वृक्षछाया दिसली की तिला वनाच्छादन म्हणते. या मापात आंब्याची बाग बसते. मात्र करडे खडक, सीताफळीची झुडपे, कुसळी गवत आणि मधली तळी हे दख्खनचे अस्सल रान बरेचसे बाहेर राहते. ‘कांचा’ हा शब्दच मुळी चराऊ रानाचा आहे. मोर आणि चितळ तेथे राहतात ते अशा मोकळ्या-झुडपी जागेमुळेच. नुसत्या आरोहावरोहावरून राग ओळखू नये, असे आम्ही शिष्यांस बजावतो. येथे तर मोजणी एकाच स्वराची!

राज्याने वनांची यादी करताना खडक, गवत व तळी वेगळी न काढता सबंध रानच धरावे, आणि पाहणी पावसाळ्यानंतर करावी. वैशाखात सीताफळीला पानही नसते. तेव्हा पाहणारा पडीक जमीन असेच लिहून जाणार.