पंधरा स्थानके आणि एक सरासरी

ज्या सार्वजनिक व्यवस्थेच्या फाइलवर आपण अभिप्राय लिहितो, ती व्यवस्था अधिकाऱ्याने एकदा तरी स्वतः तिकीट काढून, रांगेत उभे राहून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली पाहिजे, असे माझे मत आहे. ‘पाहणी’ या शब्दाला सरकारी व्यवहारात जो अर्थ प्राप्त झाला आहे, तो मला येथे अभिप्रेत नाही. पाहणीच्या दिवशी फरशी धुतलेली असते, बंद दिवे पेटलेले असतात आणि सोबतचे लोक साहेबांना जे दाखवायचे तेवढेच दाखवितात. मला अभिप्रेत आहे ती निनावी भेट.

कोलकात्यात नेमणूक असताना मी सुट्टीच्या दिवशी तेथील उत्तर-दक्षिण मेट्रोची भुयारी स्थानके या रीतीने पाहिली. बेलगाछिया ते रवींद्र सरोवर अशी ती पंधरा आहेत. प्रत्येक स्थानकावर उतरायचे, जिना चढून रस्त्यावर यायचे, थोडे आजूबाजूस फिरायचे आणि नवे तिकीट काढून पुढच्या स्थानकास जायचे. लंडन, दिल्ली अशा शहरांत सर्व स्थानके कमीत कमी वेळात गाठण्याचे विक्रम करणारे हौशी लोक आहेत. मला घाई नव्हती. परिवहन प्रकल्पांच्या खर्चाच्या कागदांशी माझा अनेक वर्षे संबंध आला होता. त्या आकड्यांखाली नेमके काय असते, हे मला पाहावयाचे होते.

या मार्गाचा इतिहास प्रशासनाच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. १९७१ च्या आराखड्यात कोलकात्यासाठी एकूण सुमारे ९७ किलोमीटरचे मार्ग सुचविले होते. त्यांपैकी दमदम–टॉलीगंज या साडेसोळा किलोमीटरच्या मार्गाची कोनशिला २९ डिसेंबर १९७२ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते बसविण्यात आली. एस्प्लनेड ते भवानीपूर हा ३.४ किलोमीटरचा पहिला तुकडा २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाला. ती भारतातील पहिली मेट्रो. दमदम ते टॉलीगंज अखंड गाडी धावण्यास मात्र २७ सप्टेंबर १९९५ उजाडला. सुमारे १४० कोटींचा मूळ अंदाज अखेर दहा पटींहूनही पुढे गेला. त्यातील बराच भाग भाववाढीचा होता हे खरे. परंतु तेवीस वर्षांची भाववाढ अंगावर घ्यावी लागली, ती विलंबामुळेच. मधली काही वर्षे निधी नव्हता, जमिनीचे दावे न्यायालयात होते, आणि बांधकामासाठी स्वतंत्र कायदा झाला तो १९७८ मध्ये. काम आधी आणि कायदा नंतर, असा हा क्रम होता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सरासरीचे फार आकर्षण असते. सतरा स्थानके आणि साडेसोळा किलोमीटर, म्हणजे साधारण एका किलोमीटरला एक स्थानक. दैनंदिन प्रवासी इतके, प्रति प्रवासी खर्च इतका. फाइलवर हे पुरते. परंतु सरासरी स्थानकावर कोणीही उतरत नाही. जो उतरतो तो बेलगाछियाला उतरतो किंवा चांदणी चौकात उतरतो. एकीकडे मैदान स्थानकाबाहेर मोकळे गवत आहे, तर दुसरीकडे महात्मा गांधी रोड स्थानकाबाहेर पाऊल ठेवताच बडाबाजारची हमाली अंगावर येते. एकाच नकाशावर बांधलेला जिना एका ठिकाणी रुंद आणि दुसऱ्या ठिकाणी अरुंद ठरतो. हा फरक कोणत्याही वार्षिक अहवालात सापडत नाही. तो पायांनीच कळतो.

दुसरी गोष्ट नावांची. २००९-१० मध्ये हा मार्ग दक्षिणेकडे वाढला, तेव्हा नव्या स्थानकांना थोर व्यक्तींची नावे देण्यात आली आणि टॉलीगंजचे ‘महानायक उत्तमकुमार’ झाले. जुने भवानीपूर आता ‘नेताजी भवन’ आहे, कुदघाट येथील स्थानक ‘नेताजी’ आहे, आणि दक्षिण टोकाचे ‘कवी सुभाष’ हे नाव नेताजींचे नसून कवी सुभाष मुखोपाध्याय यांचे आहे. रवींद्र सदन आणि रवींद्र सरोवर ही आणखी एक जोडी. या सर्व विभूतींविषयी मनात आदर असूनही मला असे वाटते, की स्थानकाचे नाव ही प्रथम माहिती असते आणि मग सन्मान. जिल्ह्यातून आजारी वडिलांना घेऊन पी. जी. हॉस्पिटलला निघालेल्या माणसाने रवींद्र सदनला उतरावे, हे त्याला त्या नावावरून कळत नाही. शहरात नवखे असणे म्हणजे काय, हे आपण घरापासून दूर राहणारे मराठी लोक चांगले जाणतो. याच मार्गावर ‘शोभाबाजार सुतानुटी’ या नावात चालू वस्तीचे नाव आणि जुन्या गावाची आठवण ही दोन्ही राहिली आहेत. सन्मान करावयाचा तर रवींद्र सदन स्थानकाच्या भिंतींवर रवींद्रनाथांचे हस्तलेख उतरविले आहेत, तसा करावा. ती भिंत पाहून माणूस थांबतो, आणि तिने त्याची वाट चुकत नाही.

जतीन दास पार्क स्थानकातून बाहेर आले की हाजरा रोड लागतो. याच रस्त्यावर कोलकात्याचे महाराष्ट्र निवास आहे. तिकडे उत्तरेस श्यामबाजारजवळून जाणारा सर्क्युलर रोड हा ज्या खंदकाच्या रेषेवर आहे, तो १७४२ मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने खणला गेला. ज्यांना अडविण्यासाठी खंदक खणला, त्यांच्या वंशजांना आज या शहरात पिठले-भात मिळतो. असो.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जिन्याची शेवटची पायरी. तिथवर मेट्रोची हद्द. तिच्यापुढे पदपथ महापालिकेचा, रस्त्यावरील वाहतूक पोलिसांची आणि बसथांबा राज्य सरकारचा. एका स्थानकाबाहेर (त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) तुटलेल्या झाकणाभोवती कोणीतरी विटा रचून ठेवल्या होत्या. जवळच्या चहावाल्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “दोन्हीकडचे लोक येऊन बघून गेले, साहेब. दोघेही म्हणाले, हे आमचे नाही.” काठी टेकत वर आलेल्या एका वृद्धेला त्या विटांना वळसा घालण्यासाठी थेट रस्त्यावर उतरावे लागले. हजारो कोटींच्या गुंतवणुकीचे फळ त्या दहा फुटांत अडकलेले असते. तेवढे दुरुस्त करण्याचा खर्च नगण्य. परंतु तो कोणत्याच लेखाशीर्षाखाली बसत नाही.

बांधणे आणि राखणे यांना आपण सारखी प्रतिष्ठा देत नाही, हे या सर्वांच्या मुळाशी आहे. उद्घाटनाला कोनशिला असते, देखभालीला नसते. २०१० मध्ये सुरू झालेले कवी सुभाष स्थानक खांबांना तडे गेल्यामुळे जुलै २०२५ मध्ये बंद करावे लागले. पंधरा वर्षेही पुरी झाली नव्हती. याउलट १९८४ ची भुयारी स्थानके चार दशके लोटल्यावरही कामात आहेत. हावडा–सॉल्ट लेक मार्गाची कथाही बोधप्रद आहे. त्याची कल्पना १९७१ च्या आराखड्यातली. २०१९ मध्ये बोऊबाजार येथे भुयार खणताना जमीन खचून घरे पडली. मार्च २०२४ मध्ये गाडी हुगळीखालून धावू लागली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मार्ग अखंड झाला. एस्प्लनेडला उतरले म्हणजे १९८४ चे आणि २०२४ चे स्थानक शेजारी शेजारी पाहता येते. नव्याची चकाकी पाहून मन प्रसन्न होते. प्रश्न एवढाच पडतो, की चाळीस वर्षांनी ते कसे असेल आणि त्यासाठीची तरतूद आज कोणी केली आहे काय?

कोणी म्हणेल, अधिकाऱ्याला एवढा वेळ कोठून मिळावा? पंधरा स्थानकांना मला दोन सकाळी लागल्या आणि तिकिटांना शंभर रुपयांच्या आसपास खर्च आला. एका आढावा बैठकीच्या चहापाण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. सार्वजनिक प्रकल्पाच्या मंजुरीशी आणि देखरेखीशी संबंधित प्रत्येक अधिकाऱ्याने वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, त्या व्यवस्थेचा प्रत्येक थांबा नागरिक म्हणून पाहावा आणि दोन पानी टिपण द्यावे. त्यात आकडे नसले तरी चालेल. फक्त एक रकाना सक्तीचा असावा: शेवटच्या पायरीपुढे काय आहे, आणि ते कोणाचे आहे. ‘आमचे नाही’ हे उत्तर त्या रकान्यात ग्राह्य धरू नये.