गोळ्या वजनावर, पण शरीराचं काय?

वॉर्डात मी टीबीच्या कितीतरी रुग्णांना गोळ्या दिल्या. 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 ला चार. तक्ता चांगलाच आहे, पण तो फक्त वजन बघतो. आयसोनियाझिड हे औषध काहींच्या रक्तात साधारण तासाभरात निम्म्यावर येतं, काहींना तीन तास लागतात. हा फरक जन्मजात असतो, यकृतातल्या एका एन्झाइममुळे. एकाला औषध अपुरं पडतं, दुसऱ्याच्या हातापायाला मुंग्या येतात. आम्ही मात्र म्हणायचो, "पेशंट गोळ्या नीट घेत नाही." मीही म्हटलंय.

रक्तातलं औषध मोजून, वय, वजन, किडनीचं काम यांचा हिशेब संगणकावर मांडून त्या माणसापुरता डोस काढता येतो. किडनी बदललेल्यांसाठी रक्त तपासूनच टॅक्रोलिमसचा डोस ठरवतात. मग टीबीवाल्याला नुसता तक्ता का? सगळ्यांची तपासणी करा असं मी म्हणत नाही. पण दोन महिन्यांनंतरही थुंकीत जंतू दिसत असतील, तर ही तपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत व्हायला हवी. ती मागू या. तोवर दर महिन्याला वजन करून घ्या, आणि ते वाढून पुढच्या गटात गेलं तर गोळ्या बदलायच्या का, हे डॉक्टरांना विचारा.