ठपका आणि गाऱ्हाणे

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजत आले होते. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात धरणी हादरली आणि झोपेतच दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर कितीतरी दिवस मराठवाड्यात दोनच वाक्ये ऐकू येत. "देवाने असे का केले?" हे एक आणि "आपलेच काहीतरी पाप असेल" हे दुसरे. एकात आरोपी देव, दुसऱ्यात मेलेली माणसे. दोन्ही वाक्ये निकाल देऊन मोकळी होतात.

प्रभू येशूपुढे नेमका हाच प्रश्न आला होता. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण दगावले. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असे त्यानेच विचारले आणि उत्तरही ठामपणे नकारार्थी दिले. मेलेल्यांचा हिशेब मांडत बसू नका, स्वतःच्या जगण्याकडे वळा, हा त्याचा रोख होता. ईयोबाच्या पुस्तकातही तेच दिसते. दुःखाची कारणे सांगणाऱ्या त्याच्या शहाण्या मित्रांना शेवटी देव रागे भरतो आणि राखेत बसून देवाशी भांडणाऱ्या ईयोबाला आपला म्हणतो.

म्हणजे विश्वास ठेवणे म्हणजे ओठ शिवून बसणे नव्हे. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत कोजागरीच्या सुमारास उभे राहावे. पायाला फोड आलेली माणसे लोंढ्याने तुळजापूरकडे चाललेली दिसतात. कुणाचे पीक गेलेले असते, कुणाचे लेकरू. आम्हा ख्रिस्ती मंडळींची वाट निराळी, पण त्या चालण्यातली एक गोष्ट आम्हालाही उमगते. गाऱ्हाणे माणूस आपल्याच माणसाकडे नेतो. ठपका ठेवणारा पाठ फिरवतो, गाऱ्हाणे घालणारा दारापर्यंत जातो. वधस्तंभावर खुद्द येशूनेही "का?" असे विचारले, पण ते देवाला "माझ्या देवा" म्हणूनच.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य याची साक्ष देते. १८७० च्या दशकातील दुष्काळाने आईवडील आणि बहीण नेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. कडेवर तान्ही मनोरमा. देवावर रुसायला याहून अधिक कारण कोणाला असेल? १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून उपासमारीने खंगलेल्या मुली-बायका आणून त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात सांभाळल्या. ज्या भुकेने त्यांना पोरके केले, तिच्याच तोंडातून त्यांनी इतरांच्या लेकी ओढून काढल्या. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी हातावेगळे केले आणि १९२२ मध्ये डोळे मिटले. दुःखाचे कारण त्यांना कळले होते असे नाही. दुःखात कोणाचा हात धरायचा, एवढे मात्र कळले होते.

देवावर ठपका ठेवण्यात आणखी एक धोका आहे. त्यात माणसाची चूक झाकली जाते. किल्लारीच्या भूकंपात बहुतेकांचा जीव घेतला तो दगडमातीच्या जाड, अवजड भिंतींनी आणि माळवदांनी. "देवाची करणी" म्हणून हात झटकले असते, तर घरे पुन्हा तशीच उभी राहिली असती. भिंती कशा बांधायच्या, ओढ्याच्या पात्रात घर का बांधायचे नाही, कर्जाने पिचलेल्या शेजाऱ्याची वेळीच विचारपूस कोणी करायची, हे प्रश्न देवाने आपल्यावर सोपवले आहेत.

म्हणून शोक झालेल्या घरी जाताना कारणे घेऊन जाऊ नये. "देवाची इच्छा" हे शब्दही तिथे जपूनच उच्चारावेत. भाकरी न्यावी, शेजारी बसावे, रडणाऱ्याला रडू द्यावे. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस त्याच्याजवळ नुसते गप्प बसले होते. त्यांचे तेवढेच बरोबर होते.