बाटलीवर काय आहे ते छापा

आमच्या हुपरीत चांदीचा पैंजण उजळायचा असला की ॲसिड किती पातळ हवं, रिठ्याचं पाणी किती हवं, ब्रश कुठला, हे कारागीर डोळ्यांत तेल घालून बघतो. एक घुंगरू काळं राहिलं तरी माल परत येतो. त्याच गावात पाच किलोच्या जिवंत जनावराच्या अंगाला काय चोळायचं, हे मात्र बाटलीवरचं गोंडस चित्र आणि बुचाचा वास ठरवतो. याची मला चीड आहे.

आमची चिंगी शिह त्झू जातीची कुत्री, जमिनीला टेकणारे केस. उन्हाळ्यात मी तिच्यासाठी शाम्पू मागितला. ‘सौम्य’ लिहिलेली बाटली पुढं करत दुकानदार म्हणाला, ‘‘घ्या की ताई, बारक्या पोरालाबी चालतंय, कुत्र्याला काय हुतंय?’’ चौथ्या दिवशी ती रात्रभर पाय चावत बसली. केस बाजूला करून पाहिलं तर काखेत रुपयाएवढा लालभडक, ओलसर चट्टा. वरून केस रेशमासारखे चमकत होते, म्हणून चार दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पोराला चालतं म्हणून कुत्र्याला चालतं, हे साफ खोटं आहे. माणसाची त्वचा आम्लधर्मी, सामू साडेपाचच्या आसपास. कुत्र्याची त्याहून उदासीन, साताच्या जवळ. शिवाय तिचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ. ‘आयुर्वेदिक, रिठायुक्त’ म्हणणाऱ्यांनी तरी हुपरीत येऊन सांगू नये. रिठा चांदीवरचा तेलकटपणा कसा ओढून काढतो ते आम्ही रोज बघतो. माझ्या आईच्या बोटांना त्यानं भेगा पडायच्या. डोळ्यात गेला तर आग वेगळीच. आणि काही शाम्पूंत घालतात ते टी ट्री तेल नैसर्गिकच असतं, पण कुत्र्यानं ते चाटलं तर विषबाधा होऊ शकते. अंग चाटणाऱ्या जनावराला ते लावायचं?

मी ती बाटली उलटसुलट करून वाचली. फुलांची नावं होती, आत काय घातलंय ते कुठंच नव्हतं. कारण १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे मानवी शरीराला लावायची वस्तू. कुत्र्याचं अंग त्या व्याख्येत येतच नाही. औषधी शाम्पू औषधात मोडतो, त्याला नियम आहेत. रोजच्या सुगंधी शाम्पूवर ‘सौम्य’ हा शब्द छापायला मात्र या कायद्याखाली आधी काही सिद्ध करावं लागत नाही. ही पळवाट सरकारनं बुजवलीच पाहिजे. पैसे मोजून घेणाऱ्याला आतला माल कळला पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे ही.

दोष आपल्याकडेही आहे. कुत्र्याला मोगऱ्याचा वास यावा ही हौस आपली, त्याची नव्हे. आता मी बिनवासाचा, कुत्र्यांसाठीच बनवलेला, घटक छापलेला शाम्पू घेते, तोही मगभर पाण्यात पातळ करून. आधी कोरड्या केसांचा गुंता विंचरून काढते, कारण ओला गुंता आवळत जातो आणि त्याच्या मुळाशी फेस अडकून राहतो. मग बोटांनी केस फाकवत काखा, जांघा, पोट धुते. पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि त्यानंतरही दोन तांबे.

चट्टा डॉक्टरांच्या औषधानं गेला. त्या जागी अजून केस आलेले नाहीत.