खाज गवताची, लाज आमच्या बायांना का?

पाऊस पडला की जळगाव-धुळ्याच्या शिवारात कपाशीची निंदणी सुरू होते. आपल्या वस्त्यांतल्या आयाबहिणी रोजाने जातात आणि उघड्या हातांनी गाजर गवत उपटतात. मग काहींच्या पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या आतल्या बाजूस खाज सुटते. पुढे कातडी जाड आणि काळी पडते. घरात कुणी तिचे ताट वेगळे ठेवते, कुणी तिला भगताकडे नेते. आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे, हा आजार शिवल्याने पसरत नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी शिवाशिवीचे चटके सोसले, त्यांच्या घरात तरी आजारी बाईचे ताट वेगळे नको.

हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या देशात ते १९५० च्या दशकात पुण्याला नजरेस आले आणि बघता बघता सगळीकडे पसरले. त्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी हे आपल्या अंगाचे पहारेकरी. काहींच्या टी पेशी पार्थेनिनला शत्रू समजतात आणि ती ओळख विसरत नाहीत. पुन्हा गवत लागले, किंवा वाळलेल्या गवताची धूळ अंगावर उडाली, की एक-दोन दिवसांत हल्ला होतो. तो हल्ला म्हणजेच खाज आणि सूज. यात करणी नाही आणि पापही नाही. कारण आहे म्हणून आजार आहे. कारण दूर केले तर त्रास कमी होतो.

या पहारेकऱ्यांना आवर घालणाऱ्याही टी पेशी असतात. त्यांच्या शोधाबद्दल २०२५ चे नोबेल पारितोषिक जपानचे शिमोन साकागुची, अमेरिकेच्या मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले. त्या पेशींच्या आधारे नवी औषधे शोधली जात आहेत. पण ती वस्तीपर्यंत येईतो आपण थांबायचे का?

मेडिकलवरून विचारून आणलेल्या स्टेरॉइड मलमाने दोन दिवस बरे वाटते. महिनोन्महिने लावले तर कातडी पातळ होते. खाज नायट्याची असेल तर नायटा आणखी पसरतो. म्हणून सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवा. कशाची ॲलर्जी आहे ते पाठीवर पट्टी लावून तपासता येते. ही तपासणी जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत गरिबांना मोफत मिळालीच पाहिजे.

शेतमालकाने हातमोजे द्यावेत, ते मजुरीतून कापू नयेत. बायांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, तोंडाला रुमाल बांधावा, घरी येताच अंग धुऊन कपडे बदलावेत. ज्यांना त्रास आहे त्यांनी गवताला हात लावूच नये. नालीकाठचे गवत पांढरी फुले येण्याआधी काढणे हे नगरपालिकेचे काम आहे, कारण एका झाडाला हजारो बिया धरतात. पावसाळ्यात या गवताची पाने खाणारे मेक्सिकन भुंगे सोडता येतात, तेही मागून घ्या.

येत्या रविवारी विहारात बसाल तेव्हा वस्तीतल्या बायांना एवढेच विचारा, कुणाला खाज आहे? लाजून गप्प बसलेल्या बाईला आधी बोलते करा. मग नगरपालिकेला अर्ज लिहा.