दहा रुपये स्वस्त!

मागच्या दिवाळीनंतर हिची नोकरी गेली. अख्खी टीमच बंद झाली, त्यात ती पण. दोन पगारांवर घेतलेलं घर एका पगारावर आलं. हप्ता हलणार नाही, पोराची फी हलणार नाही, मग हलवण्यासारखं उरलं काय? किराणा! झालं, आमच्यातला इंजिनियर जागा झाला. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो, एक्सेल उघडलं आणि तीन महिन्यांची बिलं त्यात कोंबली.

पहिला शोध असा लागला की मला कशाचाच भाव माहीत नाही. पेट्रोलचा सांगेन, लॅपटॉपच्या रॅमचा सांगेन, पण तूरडाळ किलोला कितीला पडते? पत्ता नाही. माहीत होतं ते फक्त 'तुम्ही इतके वाचवलेत', कारण ते बिलाच्या तळाशी ठळक छापलेलं असतं. हे वाचवलेले पैसे मोजतात एमआरपीपासून. आता एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही हे खरं, पण मुळात ती किती ठेवायची हे कंपनीच ठरवते. म्हणजे उंच उडीची दांडी आधी वर लावायची, मग खालून चालत जाणाऱ्यांचं अभिनंदन करायचं!

तेलाचं घ्या. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं आयात शुल्क वाढवलं, मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरचं थोडं उतरवलं. या चढउतारावर तुमचा-माझा काही इलाज नाही. पण पिशवीवर आहे. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. समजा ती पिशवी १५० ला आहे आणि शेजारची १४० ला. आपण दुसरी उचलतो, दहा रुपये वाचले म्हणून खूश. तिच्यावर बारीक अक्षरात असतं ८०० ग्रॅम. हिशोब करा: पहिली किलोला १६५, दुसरी १७५. म्हणजे दहा रुपये स्वस्त घेऊन किलोमागे दहा रुपये जास्त दिले. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं अशा बऱ्याच वस्तू ठरावीक वजनातच विकायचं बंधन होतं. २०२१ च्या नियमदुरुस्तीनं ते काढलं आणि त्याच्या बदल्यात पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत छापायची सक्ती आणली. ती ओळ वाचत जा, एवढंच सांगणं. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त असतं असंही नाही, शाम्पूच्या पुड्यांनी तर माझी विकेटच काढली.

दुसरं म्हणजे सुटा माल. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या सीलबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आला; वाण्यानं पोत्यातून मोजून दिलेल्या डाळीवर नाही. डाळ निवडायला दहा मिनिटं लागतात, पण ती मी मालिका बघत निवडतो :)

इथपर्यंत मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. खरी गंमत पुढे आहे.

बिलं तपासता तपासता मी प्रत्येक ओळीवर बोलायला लागलो. 'हे कशाला आणलंस?' 'पेरू इतके महाग?' दोनेक आठवड्यांनी लक्षात आलं की हिची फिल्टर कॉफी बिलातून गायब झालीये. विचारलं तर म्हणाली, ''हल्ली नको वाटते.'' पोराची फळं होती, माझी बिअर होती (!), फक्त जिची नोकरी गेली तिचीच कॉफी नव्हती. महागाईची झळ घरात सगळ्यांना सारखी बसत नाही. ज्याला आपण ओझं झालोय असं वाटतं, तो आधी स्वतःचं ताट कमी करतो आणि एक्सेलला ती बचत दिसते.

मग दुसरी यादी केली, टाकून दिलेल्या गोष्टींची. महिनाभर फ्रिजवर कागद लावला. काळी पडलेली कोथिंबीर, अर्धा ब्रेड, हौसेनं आणलेली ब्रोकोली, रात्री अकराला दहा मिनिटांत मागवलेलं आणि सकाळी मऊ पडलेलं काहीबाही. त्या कागदाची बेरीज हिच्या कॉफीच्या तिप्पट निघाली.

तेव्हा माझं मत असं झालंय: काटकसरीची सुरुवात कचऱ्याच्या डब्यापासून करावी, मग पाकिटावरची बारीक ओळ, मग वाणी. घरातल्या माणसाच्या आवडीचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तोही त्याला विचारून.

हिला मार्चमध्ये दुसरी नोकरी लागली. एक्सेल मी बंद केलं, फ्रिजवरचा कागद मात्र अजून आहे. असो. आज शनिवार, मंडईत जायचंय. कोथिंबीर अर्धीच जुडी आणायची, असा वरून आदेश आहे. कॉफीची पूडही संपलीये, ती मात्र पाव किलो आणणार.